उजव्या बाजूचा वाक

पाइपला कारणाशिवाय वाक दिला की मी दोन गुण कापायची. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवलं, आणि या एका बाबतीत कधी कुणाचं रडगाणं ऐकून घेतलं नाही. मुलं पाठीमागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. जिथे जायचंय तिथे पाइपने सरळ जावं, वाटेत काही आडवं आलं तर वळावं, ते संपलं की पुन्हा सरळ व्हावं. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. म्हणून त्यांच्याच गाडीखाली उताणी पडलेली असताना त्यांनीच बसवलेल्या ब्रेकच्या पाइपला एक भलामोठा, बिनकामाचा वाक दिसला तेव्हा मला हसू आलं. मनात म्हटलं, बाबा, तुमचेही दोन गुण गेले.

गाडी म्हणजे जुनी विलायती, दोन सीटची, बिनछपराची. बाबा मुंबईला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. गाडीचा मालक परदेशी कायमचा निघाला तेव्हा म्हणाला, ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तूच ठेव. बाबांनी ती वसईला आमच्या वाडीत आणली आणि केळीच्या पलीकडे तिच्यासाठी पत्र्याची शेड घातली. आई तिच्यात एकदाही बसली नाही. डोक्यावर छप्पर नाही ते कसलं वाहन, असं तिचं म्हणणं. रविवारी बाबा कधी मला, कधी ताईला शेजारी बसवून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत चक्कर मारून आणायचे. मला त्यांनी शब्द दिला होता: अठराची झालीस की हिच्यावरच शिकवीन.

मी चौदा वर्षांची असताना एके दिवशी त्यांनी गाडी उघडली. चाकं काढली, खाली लाकडी ठोकळे लावले, आणि ती पुन्हा कधीच जोडली नाही. विचारलं की 'उद्या बघू' म्हणायचे. लोकांच्या गाड्या मात्र मरेपर्यंत दुरुस्त करत होते. मी अठराची झाले, विरारच्या एका ड्रायव्हिंग क्लासच्या खटाऱ्यावर गाडी शिकले, आणि लायसन्स त्यांच्यासमोर टेबलावर आपटलं. ते बघून म्हणाले, "फोटो चांगला आलाय." त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर तो राग नंतरही कधी पूर्ण गेला नाही. ते गेले त्याला बारा वर्षं झाली, तरी शेडकडे बघितलं की माझ्या कपाळावर आठी यायची.

निवृत्त झाल्यावर मी वाडीत ताईकडे राहायला आले. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला. उजवा पाय तेव्हापासून नुसता लोंबतो. डाव्यात थोडा जीव आहे, पण त्याला कॅलिपरचा, लोखंडी पट्ट्यांचा, आधार लागतो. एका जागी ठेवला तर तो पाय दाबतो, इकडून तिकडे झटकन हलत नाही. दोन कुबड्यांवर तिने सगळा जन्म काढला आणि हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर अर्ध्या गावाची पोलकी शिवली. आमच्या दोन्ही बाजूंच्या वाड्या आता विकल्या गेल्यात, एका बाजूला सात मजली इमारत उभी राहिलीय, आणि शनिवार-रविवार राजोडीला जाणाऱ्या गाड्या आमच्या गल्लीतून गाणी वाजवत जातात. ताईला त्याचं काही नाही. ती पडवीत बसते आणि कोण कुठे चाललंय त्याची नोंद ठेवते.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती म्हणाली, "बाय, बाबांची गाडी उघड ना."

"उघडीच आहे ती. चव्वेचाळीस वर्षं."

"मंग जोड. पयले ब्रेक कर."

मी म्हटलं, गाडी सुरू करायची तर सगळे आधी इंजिनाकडे बघतात. ही म्हणते, "इंजिन ऱ्हाऊ दे. ब्रेक कर." हातात काम नसलेल्या बाईला कुणी काम सांगितलं की ती कारणं विचारत बसत नाही. मी पाने काढले.

समुद्राचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन्ही पाइप हातात धरताच पापडासारखे मोडले. मागे जाणारा लांब पाइप उजव्या बाजूने, ड्रायव्हरच्या सीटखालून जात होता. त्याच्यावर ग्रीसचा आणि मातीचा जाड थर बसलेला, म्हणून तो अखंड निघाला. त्यालाच तो वाक होता. सीटच्या जरा पुढे पाइप वीतभर बाहेर वळायचा, अर्धगोल घेऊन पुन्हा आत यायचा. आणि ज्याला वळसा घातला त्या जागी काहीच नव्हतं, फक्त फ्लोअरच्या पत्र्याला वेल्डिंगने बुजवलेली चार भोकं.

बाबांचा एक नियम होता: नवा पाइप चालून दाखवेपर्यंत जुना फेकायचा नाही. म्हणून मी तो पुसून शेडच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगला. वाकासकट.

तुळिंजच्या एका दुकानातून ब्रेक पाइपचं भेंडोळं आणलं. ते सरळ करायचं, मापाने कापायचं, टोकाला नट चढवायचा, आणि मग टोक फुलवायचं, म्हणजे नट आवळल्यावर सांधा घट्ट बसतो आणि ऑईल गळत नाही. नट आधी चढवायचा, टोक मग फुलवायचं. फुललेल्या टोकावरून नट जात नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची. आणि पहिल्याच पाइपला मी टोक सुरेख फुलवलं, कौतुकाने उजेडात धरलं, आणि पाहिलं तर नट बाकावर. माझ्या तोंडून जे निघालं ते पडवीपर्यंत गेलं.

"दोन गुन!" ताई तिथून ओरडली.

लांब पाइप मात्र मी एका दमात केला. सरळ, रुळासारखा, बिनवाकाचा. जुन्यापेक्षा हातभर कमी लागला. बसवला, क्लिपा मारल्या, आणि ताईला बोलावलं, कारण पुढचं काम दोघांचं असतं. नव्या लाइनमध्ये हवा भरलेली असते, ती काढावी लागते. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करायचं, ऑईल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, निपल आवळायचं, मग पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. हवा राहिली तर पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबायची तिथे थांबत नाही.

ताई कुबड्या टेकत आली. सीटवर बसायच्या आधी तिने एक कुबडी माझ्याकडे दिली, शेडच्या खांबाला धरून जेवढं वाकता येईल तेवढी वाकली आणि गाडीखाली बघितलं.

"वाक कुठाय?"

"कसला वाक? काही गरज नव्हती त्याची. बाबांनी उगीच—"

"उगीच नाय." ती तशीच वाकून राहिली होती. "माझा हाये तो."

मग तिने सांगितलं. बाकावर बसून, माझ्याकडे न बघता, चिंधीने हात पुसत. हात स्वच्छच होते.

ती अठराची झाली तेव्हा बाबांनी तिला विचारलं होतं, गाडी चालवशील? माझ्या आधी चार वर्षं. क्लचला डावा पाय पुरेल, गॅस द्यायला हाताच्या बोटाशी एक तार आणतो, राहिला ब्रेक. त्यासाठी त्यांनी सीटच्या उजव्या बाजूला फ्लोअरमधून एक दांडा बसवला. पुढे ढकलला की पेडल खाली जायचं. दांड्याची बैठक चार बोल्टांनी खालून आवळलेली, आणि ब्रेकचा पाइप नेमका तिथूनच जाणारा. म्हणून पाइपला वाक. दांड्याची लांबी त्यांनी तिच्या हाताच्या मापाने कापली. आईला कळलं तर ती अंगणात उभं राहू देणार नाही, म्हणून हे सगळं आई आणि मी रविवारी आजोळी गेलो की चालायचं. तीन रविवार गाडी जागच्या जागी. चौथ्या रविवारी ती एकटी सीटवर बसली आणि पहिल्या गिअरमध्ये वाडीतल्या वाटेने निघाली.

"केळीपर्यंत मस्त गेली," ताई म्हणाली. "पुढं बावखल."

बावखल म्हणजे वाडीतलं शिंपण्याचं तळं. आमचं आता निम्मं बुजलंय, तेव्हा पुरुषभर खोल होतं. ताईने दांडा ढकलला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. पुढची दोन्ही चाकं काठावरून खाली उतरली आणि गाडीचं पोट काठावर टेकलं, म्हणून ती वाचली. बाबा मागून धावत आले. तिला उचलून काढलं, माडाला टेकवून बसवलं. ती रडत होती. ते म्हणाले, तुझा काही दोष नाही. लाइनमध्ये हवा राहिली होती. हवा काढतो, मग परत चालव.

"आनि दुसऱ्या दिवशी गाडी उघडली," ताई म्हणाली. "मी वाट बघत ऱ्हायले. मना वाटायचं, आज काढतील हवा, उद्या काढतील. मंग विचारायचं सोडलं."

बोलण्यासारखं होतं, पण ते बोलायचं नव्हतं. बाबांनी हवा काढलेल्या गाडीत हवा राहिली, हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. बाटलीत बुडबुडा आला नाही तरी आणखी दहा वेळा पेडल मारायला लावणारा माणूस तो. स्वतःच्या लेकीला एकटीला गाडीत बसवायच्या आधी त्यांनी काय काय तपासलं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते.

"मना गाडी चालवायची नाय बाय," ताई म्हणाली. "या वयात कुठं जायचंय? मना ती थांबवायचीय. बावखलाच्या अलीकडं. एकदाच. हवा होती का माझा हात कमी पडला, येवढंच बघायचंय."

त्या दिवशी मी गाडीखाली गेले आणि सगळ्या क्लिपा काढल्या. माझा सरळ, रुळासारखा पाइप बाहेर ओढला आणि केळीत फेकून दिला. मला फार शरम वाटत होती. चाळीस वर्षं मी धरून बसले होते की बाबांनी मला दिलेला शब्द मोडला. एकाच घरात, एकाच खोलीत माझ्या शेजारच्या अंथरुणावर दुसरं कुणी त्याच गाडीची वाट बघतंय, याचा मला पत्ता नव्हता. आणि मी काय करत होते, तर लायसन्स टेबलावर आपटत होते. तेव्हा ताई त्याच टेबलाशी काजं करत बसली होती. तिने सुईतून मान वर करून मला म्हटलं होतं, "पेढे आन."

दांडा कुठे आहे ते तिलाच माहीत होतं. माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून बाबांनी ठेवलेला. मुठीला त्यांनी कापडी पट्टी गुंडाळली होती, ती अजून शाबूत. मी चारही भोकं उघडली, बैठक बसवली, आणि भिंतीवरचा जुना पाइप समोर ठेवून नवा वाकवायला घेतला. असा अर्धगोल पाइप न चेपता वाकवणं सोपं नाही. माझे दोन पाइप वाया गेले. बाबांनी तो हाताने, एखाद्या खुंटाभोवती वळवला असणार, पण कुठे चेपलेला नाही, कुठे सुरकुती नाही. तिसऱ्या वेळी मला जमला. शिकवायला होते तेव्हा असा पाइप कुणी केला असता तर मी तो वर्गात फिरवून दाखवला असता.

मग आम्ही हवा काढली. ताईचा डावा पाय मी दोन्ही हातांनी उचलून क्लचऐवजी ब्रेकच्या पेडलवर ठेवला. मी मागच्या चाकाशी.

"दाबलं," ती म्हणायची.

मी निपल सोडायची, आवळायची. "सोड."

"सोडलं."

दुपार त्यातच गेली. आधी नुसते बुडबुडे, मग ऑईल आणि बुडबुडे, मग नुसतं ऑईल. चारही चाकं झाली. मी सवयीने प्रत्येक चाकाला आणखी दहा वेळा दाबायला लावलं. ती दमली, पण कुरकुरली नाही. गाणं म्हटल्यासारखं तिचं 'दाबलं, सोडलं' चाललं होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की गाडीखाली पडल्या पडल्या मी बाबांना माफ करून टाकलं.

चारही चाकं मी परत चढवली होती, पण गाडी ठोकळ्यांवरच होती, चाकं अधांतरी. इंजिनाचं काम अजून व्हायचं होतं, पण ब्रेक तपासायला इंजिन लागत नाही. एकाने चाक हाताने फिरवायचं, दुसऱ्याने ब्रेक लावायचा. चाक जागच्या जागी अडकलं पाहिजे. ताईच्या हातात दांडा द्यायच्या आधी मी स्वतः चाकाला गती देऊन, वाकून दांडा ढकलून बघितला होता. दांडा दगडासारखा घट्ट लागला आणि चाक खटकन थांबलं. मी तिचा पाय क्लचवर नेऊन ठेवला. तिने दांड्याच्या मुठीवर हात ठेवला. पट्टीवर तिची बोटं बरोबर जिथल्या तिथे बसली. मी मागे जाऊन चाक फिरवलं.

"लाव."

चाक फिरत राहिलं.

"लाव ताई."

"लावलाय."

चाकाला ब्रेक घासल्याचा आवाज येत होता, पण ते माझ्या हाताखालून फिरत होतं. मी उठून बघितलं. तिने दांडा ढकलून धरला होता, तो अर्ध्यावर होता. तिचा खांदा थरथरत होता, मान एका बाजूला वळली होती, ओठ दातांत. सगळा जोर लावत होती. तेवढाच होता. कुबड्या आणि मशीन, साठ वर्षं तिच्या पायांचं सगळं काम या खांद्यांनी केलं होतं. आणि वर्षभरापूर्वी डॉक्टर म्हणाले होते की पोलिओ झालेल्यांचे धड राहिलेले स्नायूही उतारवयात सोडून जातात. मी ते ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं.

दांडा लांब केला तर जोर कमी लागतो, हे मला कळत होतं. पण लांब दांडा स्टिअरिंगला अडकत होता, मी मोजून बघितलं होतं. मी शेजारी बसून हँडब्रेक ओढू शकत होते. मग गाडी थांबवणारी मी झाले असते. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. ताईने हळूच हात काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"लाइनमध्ये हवा राहिलीय," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर मला ऐकू आलं. अगदी तेच शब्द.

बाहेर गल्लीतून गाणी वाजवत एक गाडी गेली. मग ताई म्हणाली, "बाटली दे इकडं."

मी बाटली दिली. वरपर्यंत भरलेली, स्वच्छ, मधासारखं ऑईल. एक बुडबुडा नाही. तिने ती उजेडात धरली. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेले डोळे तिचे, अजून चष्म्याशिवाय वाचतात. बराच वेळ ती बाटली फिरवत बघत होती. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल. बोलावं असंही वाटलं.

"हाये गं," ती म्हणाली. "हवा हाये. मना दिसते."

आणि बाटली माझ्या हातात परत देऊन म्हणाली, "रविवारी परत काढू."

आम्ही नऊ रविवार हवा काढली. मी तिचा पाय उचलून पेडलवर ठेवायची, ती 'दाबलं, सोडलं' म्हणायची, नवं ऑईल एका टोकाने जायचं आणि तसंच दुसऱ्या टोकाने बाटलीत यायचं. दांड्याला तिने पुन्हा हात लावला नाही आणि मी लाव म्हटलं नाही. दहाव्या रविवारी ती दवाखान्यात होती, श्वासाला नळी लावलेली. त्यानंतरच्या बुधवारी गेली.

गाडी तशीच ठोकळ्यांवर आहे. मागच्या महिन्यात एक माणूस ती विकत मागायला आला होता. तो खाली वाकून बघत म्हणाला, बाई, काम नंबर एक आहे, पण या पाइपला इथे एवढा वाक कशाला? मी त्याला घालवून दिलं. जुना पाइप अजून भिंतीवर आहे. नवा चालून दाखवेपर्यंत तो काढायचा नाही.

दवाखान्यात, मंगळवारी संध्याकाळी, तिने नळी जरा बाजूला करून मला जवळ बोलावलं होतं. मला वाटलं पाणी हवंय. ती म्हणाली, "संपली का गं हवा?"

मी म्हटलं, "नाही अजून. थोडी आहे."

"मंग बाबा खरं बोलले," ती म्हणाली, आणि नळी स्वतःच नीट लावून घेतली.